‘फ्रिंजसाठी निवड’ या शब्दांविषयी

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या अंकात पुण्यातील दोन तरुण विनोदी कलाकारांच्या कार्यक्रमाची स्कॉटलंडमधील एडिंबरा फ्रिंज महोत्सवासाठी निवड झाल्याचे वृत्त छायाचित्रासह प्रसिद्ध झाले आहे. दोघांनी मिळून लिहिलेली आणि दोघांनीच सादर केलेली तासाभराची प्रहसने घेऊन आपली मुले इतक्या लांब निघाली आहेत, हे वाचून आनंद झाला आणि त्यांचे अभिनंदन करताना मी हात आखडता घेणार नाही. तथापि त्या वृत्तातील ‘निवड’, ‘जगभरातून आलेल्या प्रवेशिकांमधून’ आणि ‘मानाचे निमंत्रण’ हे तीन शब्दप्रयोग वस्तुस्थितीला धरून नाहीत. नुसती शब्दाची चूक असती तर पत्र लिहिण्याचा खटाटोप मी केला नसता. परंतु या शब्दांमुळे त्या महोत्सवाचे मर्मच वाचकांच्या नजरेआड जाते आणि त्या दोन मुलांपुढे खरोखर काय वाढून ठेवले आहे याचीही चुकीची कल्पना होते, म्हणून हा पत्रप्रपंच.

माझा या विषयाशी संबंध किती, हे आधीच सांगितलेले बरे. मी नाट्यसमीक्षक नाही. महाविद्यालयात असताना चार वर्षे एकांकिकांसाठी प्रकाशयोजना सांभाळली, म्हणजे खरे तर डिमर वरखाली केले, आणि पुढे पस्तीस वर्षे बँकेत नोकरी केली. मुलगी कामानिमित्त एडिंबरा येथे राहते, त्यामुळे २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांचा ऑगस्ट महिना मला तिथे काढता आला. ते शहर चढउतारांचे आहे आणि माझे गुडघे आता पूर्वीसारखे नाहीत. तरीही दोन्ही वर्षांत मिळून साठ-पासष्ट कार्यक्रम पाहून झाले. त्यांतही दोघांच्या जोडीने केलेली प्रहसने मी मुद्दाम शोधून पाहिली. प्रकाशाच्या खटक्यापाशी बसलेल्या माणसाला दोघांमधले काम जितके जवळून दिसते तितके पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकालाही दिसत नाही, आणि ती जुनी खोड अजून गेलेली नाही.

आता मूळ मुद्दा. १९४७ साली, महायुद्ध संपून दोनच वर्षे झाली असताना, एडिंबरा शहरात पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला. आठ नाट्यसंस्थांना त्याचे बोलावणे नव्हते. त्या तरीही आल्या, मिळेल त्या जागेत त्यांनी आपापले प्रयोग लावले आणि लोकांनी ते पाहिले. पुढच्या वर्षी रॉबर्ट केम्प या स्कॉटिश नाटककाराने वृत्तपत्रात लिहिताना अधिकृत महोत्सवाच्या ‘फ्रिंज’वर, म्हणजे झालरीवर, चाललेल्या या उद्योगाचा उल्लेख केला आणि तेच नाव कायमचे चिकटले. १९५८ मध्ये फ्रिंज सोसायटी स्थापन झाली, ती कार्यक्रमांची पारख करायची नाही हे ठरवूनच. आजही तिथे परीक्षक मंडळ नाही, प्रवेशिकांची छाननी नाही आणि निमंत्रणपत्रही नाही. ज्याला जागा मिळाली आणि ज्याने नोंदणीचे पैसे भरले, त्याचा कार्यक्रम पुस्तिकेत येतो. झालर आता मूळ वस्त्राहून कितीतरी मोठी झाली आहे. ऑगस्टच्या साधारण साडेतीन आठवड्यांत तीन हजारांहून अधिक कार्यक्रम होतात आणि २०२४ मध्ये पंचवीस लाखांहून अधिक तिकिटे गेली. २००८ पासून तर पुस्तिकेत विनोदी कार्यक्रमांची संख्या नाटकांपेक्षाही जास्त झाली.

आपल्या वाचकांना हे एका वाक्यात सांगायचे तर पंढरीच्या वारीचे उदाहरण पुरेसे आहे. वारीसाठी कुणाची निवड होत नसते. ज्याचे पाय चालतात तो चालू लागतो. मात्र एखाद्या जुन्या, शिस्तीच्या दिंडीत आपले नाव लागणे ही वेगळी गोष्ट आहे. फ्रिंजमध्येही प्लेझन्स, असेंब्ली, गिल्डेड बलून, अंडरबेली यांसारख्या नामांकित जागा चालवणारी मंडळी आपल्या खोल्या कुणाला द्यायच्या हे पारखून ठरवतात. आपल्या बातमीतल्या दोघांना अशा एखाद्या जागेने वेळ दिली असेल, तर ते निश्चितच सांगण्यासारखे आहे आणि त्या जागेचे नाव बातमीत यायला हवे होते. ते आले नाही. नेमकी जी गोष्ट कौतुकाची असू शकली असती ती राहिली आणि जी अस्तित्वातच नाही तिचे कौतुक झाले.

‘जागा’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे मखमली पडद्याचे नाट्यगृह येते, त्यामुळे थोडे वर्णन करणे भाग आहे. विद्यापीठाच्या वर्गखोल्या, चर्चची सभागृहे, पबची तळघरे आणि कधी मैदानात आणून ठेवलेले मालवाहू कंटेनर यांना काळे कापड लावून, घडीच्या खुर्च्या मांडून, चार दिवे टांगून महिन्यापुरती नाट्यगृहे उभी केली जातात. एकेका खोलीत सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत पाठोपाठ कार्यक्रम असतात. एका जोडीचा तास संपला की पुढच्या मंडळींना सामान लावण्यासाठी जेमतेम पंधरा मिनिटे मिळतात, त्यामुळे प्रहसन करणाऱ्यांचा सगळा संसार एका बॅगेत मावावा लागतो: दोन केसांचे टोप, तीन टोप्या, एक चष्मा आणि ज्याच्यावाचून अडते अशी एखादी वस्तू. तिकिटांच्या उत्पन्नात कलाकार आणि जागामालक यांचा वाटा बऱ्याचदा साठ-चाळीस असतो. पण किमान इतकी रक्कम मालकाला मिळालीच पाहिजे, अशी हमी कलाकारांनी द्यायची असते. नोंदणी, विमा, पत्रके आणि ऑगस्टमध्ये आभाळाला भिडलेले घरभाडे हे सगळे वेगळे. पैसे सुटण्यापेक्षा पैसे जाण्याची शक्यता जास्त, हे तिथे प्रत्येक जण हसत हसत सांगतो. १९९६ मध्ये पीटर बकली हिल या कलाकाराने यावर तोड म्हणून विनामूल्य प्रयोगांची चाल सुरू केली. त्यात जागेचे भाडे नसते, तिकीटही नसते, आणि शेवटी कलाकार स्वतः बादली घेऊन दारात उभा राहतो. आपल्याकडचा डोंबारी खेळ संपल्यावर थाळी फिरवतो त्याहून ही रीत फारशी निराळी नाही, आणि तिथे तिची कुणाला लाजही वाटत नाही.

जोडीचा हिशेब यात दोन्ही बाजूंनी आहे. एकटा उभा राहून बोलणाऱ्याला जे मिळते ते त्याचे एकट्याचे; जोडीला तेच पैसे निम्मे करावे लागतात आणि रेल्वेची तिकिटे मात्र दोन काढावी लागतात. उलट पडत्या दिवशी सोबत असते, ही गोष्ट लहान नाही.

२०२४ च्या ऑगस्टमधील पहिल्या आठवड्यात रॉयल माइल या जुन्या रस्त्यावर मला एका अशाच जोडीने पत्रक दिले. तिशी ओलांडलेल्या दोन स्त्रिया, अंगावर कार्यालयीन गणवेशासारखे करडे कोट, वरून बारीक पाऊस. कार्यक्रमाची वेळ दुपारी ४ वाजून १० मिनिटे. तिथल्या वेळा रेल्वेच्या वेळापत्रकासारख्या असतात. ‘नक्की होणार ना?’ असे मी विचारले, कारण आजूबाजूला कुणी पत्रक घेत नव्हते. त्यावर त्यांतली एक म्हणाली, ‘प्रेक्षक कलाकारांपेक्षा जास्त हवेत एवढीच आमची अट आहे. आम्ही दोघीच आहोत, तीन माणसे आली की भागते.’ माझी मुलगी आणि मी धरून त्या दिवशी सात माणसे आली. खोली म्हणजे एक वर्ग होता. पन्नासेक खुर्च्या होत्या आणि काळ्या कापडाच्या फटीतून फळ्याचा कोपरा दिसत होता.

त्यांच्या तासाभरातले एक प्रहसन हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयातले होते. एक खिडकीमागची कारकून, दुसरी छत्री शोधायला आलेली बाई. कारकून अर्ज भरून घेते आणि विचारते, ‘रंग?’ बाई म्हणते, ‘काळा.’ कारकून म्हणते, ‘इथल्या सगळ्या काळ्याच आहेत.’ वाक्य चांगले होते. सातांपैकी दोघे हसले, त्यांतला एक मी. पुढे प्रहसन संपताना ब्लॅकआउट व्हायचा, म्हणजे सगळे दिवे एकदम जायचे, तो झालाच नाही. प्रकाशाच्या टेबलापाशी बसलेला विद्यार्थी दिवसभरात त्याच टेबलावरून चार-पाच कार्यक्रम चालवत असणार. त्याचा खटका तीन-चार सेकंद उशिरा पडला. तेवढा वेळ त्या दोघी एकाच छत्रीला हात लावून उजेडात पुतळ्यासारख्या उभ्या राहिल्या. माझ्या पोटात गोळा आला, कारण असा उशीर मी स्वतः एका स्पर्धेच्या अंतिम फेरीत केलेला आहे आणि त्यानंतरचे दिग्दर्शकाचे शब्द अजून आठवतात. पण कारकुनीने अतिशय शांतपणे ती छत्री उघडली आणि दुसरीच्या डोक्यावर धरली. मग दिवे गेले. त्या दुपारचा पहिला खरा हशा तिथे आला.

तिसऱ्या आठवड्यात मी पुन्हा गेलो. तीसच्या वर माणसे होती. ‘रंग?’ ‘काळा.’ आणि यावर कारकून काहीच बोलली नाही. तिने हातातले पेन खाली ठेवले, मान वळवली आणि समोर नसलेल्या फडताळावरून डावीकडून उजवीकडे सावकाश नजर फिरवली, अगदी शेवटपर्यंत. मी मनात सात आकडे मोजले. हशा पेन ठेवतानाच सुरू झाला होता. नजर दुसऱ्या टोकाला पोहोचली तेव्हा खोली दुमदुमत होती आणि हशा ओसरू लागताच समोरची बाई अगदी हळू आवाजात म्हणाली, ‘दांडा वाकलेला.’ ‘इथल्या सगळ्या काळ्याच आहेत’ हे वाक्य गेले होते. उशिरा जाणारा दिवा मात्र कार्यक्रमात राहिला होता. आता तो तासाभरात तीन वेळा, दर वेळी आणखी लांबत, ठरवून उशिरा जात होता आणि छत्री शेवटच्या वेळेसाठी राखून ठेवलेली होती. तो मुलगा आता त्या दोघींचा तिसरा साथीदार झाला होता आणि त्याच्या खटक्यालाही हशा येत होता.

कार्यक्रमानंतर जिन्यात त्या भेटल्या तेव्हा मी त्या गाळलेल्या वाक्याबद्दल विचारले. नवव्या दिवशी पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी ते वाक्य तिच्या आधीच मोठ्याने म्हणून टाकले, असे उत्तर मिळाले. प्रेक्षकाला जे आधीच कळते ते बोलायचे कशाला, असे एकीचे म्हणणे; वाक्य लिहिले दुसरीने, त्यामुळे तिचा विरोध. दोन दिवस अबोला, मग एकदा गाळून पाहिले आणि ते कायमचे गेले.

संपादक महाशय, फ्रिंजमध्ये जाणाऱ्या जोडीच्या पदरात जे पडते ते हेच आहे असे माझे मत आहे. एकाच खोलीत, दिवसाच्या ठरलेल्या वेळी, मधली एखादी सुट्टी वगळता वीस-पंचवीस दिवस सलग, रोज नव्या आणि बहुतेक अनोळखी माणसांपुढे तोच तास पुन्हा करून पाहण्याची मुभा तिथे मिळते, आणि त्यातही फसण्याची मुभा. एकट्याने बोलणाऱ्या कलाकाराला एखादे वाक्य बदलायचे तर तो त्याच क्षणी बदलू शकतो. जोडीत तसे करता येत नाही. एकाने श्वास वेगळ्या जागी घेतला तरी दुसऱ्याचे पुढचे वाक्य लंगडे पडते. म्हणून प्रत्येक बदल दोघांच्या अंगात मुरावा लागतो आणि मुरायला प्रयोगच लागतात, तालमीने ते काम भागत नाही. तालमीत हशा नसतो, आणि हशा किती वेळ चालेल हे कळल्याशिवाय पुढचे वाक्य केव्हा टाकायचे हे ठरत नाही.

हे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. तमाशात गण आणि गवळण झाल्यावर बतावणी येते, आणि बतावणी म्हणजे दुसरे काय आहे? रिकामी जागा, दोन माणसे, एकाने सरळ विचारायचे आणि दुसऱ्याने वाकडे उत्तर द्यायचे. सोंगाड्या लोकांच्या लक्षात राहतो, पण त्याला प्रश्न घालणारा कच्चा निघाला तर सोंगाड्याचे सोंग पाण्यात जाते, हे कुठल्याही फडावरचा जुना माणूस सांगेल. आजच्या मुलांच्या भाषेत त्याला ‘फीड देणे’ म्हणतात. नारायणगावच्या राहुट्यांत सुपाऱ्या ठरल्या की फड हंगामभर गावोगाव फिरायचे. आज या जत्रेत, उद्या त्या जत्रेत, तीच बतावणी, पण गावच्या सरपंचाचे नाव, तिथली विहीर, कालचा पाऊस तिच्यात शिरायचा. लिहिलेली संहिता नसायची, असायचा तो घोटून घोटून गुळगुळीत झालेला सांगाडा. स्कॉटलंडमधल्या त्या वर्गखोलीत मला ज्याची आठवण झाली ते हेच होते, आणि आपल्याकडून जे हातचे जाऊ लागले आहे तेही हेच.

आपल्याकडच्या हुशार जोडीला आज दोन वाटा दिसतात. पहिली एकांकिका स्पर्धांची. १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धांनी मराठी रंगभूमीला काय दिले, हे मी नव्याने सांगण्याची गरज नाही. मीही त्याच मातीतला आहे. परंतु स्पर्धेत प्राथमिक फेरीचा एक प्रयोग आणि नशीब असेल तर अंतिम फेरीचा एक. तालीम दोन महिने, प्रेक्षक दोन वेळा, तेही निम्मे स्पर्धक आणि उरलेले त्यांचे मित्र. विनोदाला ही माणसे फार उदार असतात किंवा फार कठोर. मधले कुणी नसते. दुसरी वाट दूरचित्रवाणीची. ‘चला हवा येऊ द्या’ २०१४ मध्ये आणि ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ २०१८ मध्ये सुरू झाल्यापासून ‘स्किट’ हा शब्द घरोघरी गेला आणि अनेक गुणी कलाकारांना पोटापाण्यापुरते काम मिळाले, याचा मला आनंदच आहे. आठवड्याला नवी प्रहसने लिहून उभी करणाऱ्यांची दमछाक मी समजू शकतो. मात्र तिथे एक स्किट चित्रित झाले की संपले. नवव्या दिवशी पहिल्या रांगेतले आजोबा काय म्हणतील, हे कळण्याची सोय त्यात नाही.

तिसरी वाट आपल्याकडे एके काळी होती. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेच्या मंडळींनी जे चालवले, ते स्कॉटलंडचे नाव न घेता चालवलेले झालरीवरचे नाटकच होते. शाळेचे सभागृह, तुटपुंजे दिवे, थोडे प्रेक्षक आणि फसण्याची मोकळीक. तिथे विनोदापेक्षा गंभीर नाटकाचा मान मोठा होता, ही माझी जुनी तक्रार आहे. पण ती इथे नको. आज मोठी नाट्यगृहे सत्रावर मिळतात आणि ती पाचशे-हजार खुर्च्यांची असतात. पन्नास खुर्च्यांची खोली सलग वीस संध्याकाळी, परवडेल अशा भाड्यात, पुण्यात किंवा ठाण्यात मिळवून दाखवावी. मी स्वतः चौकशी करून थकलो आहे. एका सभागृहाच्या कार्यालयात ‘एकच कार्यक्रम वीस दिवस? रोज येणार कोण?’ असा प्रश्न मला प्रामाणिक काळजीने विचारण्यात आला.

आणखी एक अडचण कागदाची आहे. आपल्याकडे नाट्यप्रयोगाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावे लागते. ब्रिटनमध्येही सरकारी अधिकाऱ्याने संहिता आधी तपासण्याची पद्धत होती, ती १९६८ च्या कायद्याने गेली. या व्यवस्थेच्या इष्टानिष्टतेत मी आता शिरत नाही. एवढेच विचारतो की ज्या कार्यक्रमाचा गाभाच रोज बदलण्यात आहे, त्याची संहिता नेमक्या कोणत्या दिवशीची पाठवायची? छत्रीच्या प्रवेशातले सर्वांत मोठे हशाचे ठिकाण म्हणजे गाळलेले वाक्य आणि पेन खाली ठेवणे. ते कागदावर दिसणार कसे?

फ्रिंजमधून जोड्या ‘मोठ्या’ कशा होतात, याविषयीही आपल्या बातमीत बराच उत्साह आहे, म्हणून थोडे. तिथे १९८१ पासून सर्वोत्तम विनोदी कार्यक्रमाला पुरस्कार दिला जातो. पहिला मिळाला तो केंब्रिज विद्यापीठाच्या फुटलाइट्स या मंडळाला, ज्यात ह्यू लॉरी, स्टीफन फ्राय आणि एमा थॉम्पसन होते. लॉरी आणि फ्राय यांची जोडी पुढे वर्षानुवर्षे दूरचित्रवाणीवर गाजली. १९९४ मध्ये लॅनो आणि वुडली या ऑस्ट्रेलियन जोडीने तो जिंकला. १९९८ मध्ये जुलियन बॅरट आणि नोएल फील्डिंग यांच्या ‘माइटी बूश’ला नवोदितांचा पुरस्कार मिळाला, आणि २००३ मध्ये न्यूझीलंडच्या ‘फ्लाइट ऑफ द कॉनकॉर्ड्स’ या गाणाऱ्या जोडीला मुख्य पुरस्काराचे नामांकन. ही नावे उठून दिसतात. मला अधिक बोलके वाटते ते ‘डिलाइटफुल सॉसेज’ या जोडीचे उदाहरण. एमी ग्लेडहिल आणि क्रिस कँट्रिल यांच्या या जोडीला २०१९ मध्ये नामांकन मिळाले, २०२२ मध्ये पुन्हा मिळाले, पुरस्कार दोन्ही वेळा हुकला आणि २०२४ मध्ये ग्लेडहिल यांनी एकटीने केलेल्या कार्यक्रमासाठी तो जिंकला. म्हणजे एका ऑगस्टमध्ये नशीब फळफळते असा प्रकार नसतो; माणसे वर्षामागून वर्षे येतात. शिवाय ब्रिटिश जोड्या थेट ऑगस्टमध्ये तिथे उतरत नाहीत. फेब्रुवारीत लेस्टरचा विनोद महोत्सव, मे महिन्यात ब्रायटनची फ्रिंज, मध्ये कुठे कुठे पबच्या माडीवर ‘काम चालू आहे’ असे सांगून स्वस्तात लावलेले प्रयोग, आणि मग एडिंबरा. तिथेही पहिले दोन-तीन दिवस सराव-प्रयोग म्हणून कमी दराचे असतात.

आपल्या दोघा तरुणांना या पत्राच्या निमित्ताने काही उपयोगी पडणार असेल तर सांगतो. ब्रिटनच्या नियमांत काही महोत्सव असे आहेत की त्यांत कार्यक्रम करण्यासाठी परदेशी कलाकाराला कामाचा वेगळा परवाना लागत नाही, अभ्यागताच्या व्हिसावर जाता येते. एडिंबरा फ्रिंज त्या यादीत आहे. राहण्याची जागा मात्र आजच शोधावी, उद्यावर टाकू नये. पत्रके स्वतः वाटावीत, कारण पत्रक घेणारा माणूस हातातल्या कागदाकडे कमी आणि देणाऱ्याच्या तोंडाकडे जास्त पाहतो. शब्दांवरच्या कोट्या इथेच ठेवून जाव्यात. मान वळवणे आणि पेन खाली ठेवणे कुठल्याही भाषेत चालते. आणि सात माणसे आली तरी कार्यक्रम करावा.

आता आपल्याकडे मागणे. अशा बातम्यांत ‘निवड झाली’ याऐवजी ‘सहभागी होणार’ असे लिहावे आणि जागेचे नाव, प्रयोगांची संख्या, कार्यक्रमाची भाषा ही माहिती द्यावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे समीक्षेचे. तिथे रस्त्यावर वाटल्या जाणाऱ्या पत्रकांवर वृत्तपत्रांनी परीक्षणात गुणांसारख्या दिलेल्या ताऱ्यांच्या चिठ्ठ्या स्टेपलरने टोचलेल्या असतात. सकाळी परीक्षण छापून आले की दुपारपर्यंत चिठ्ठी लागते. हे शक्य होते, कारण संपादक आपल्या तरुण वार्ताहरांना सात प्रेक्षकांच्या खोल्यांमध्येही पाठवतात. आपल्या दैनिकात व्यावसायिक नाटकांची परीक्षणे नियमित येतात, स्पर्धांचे निकाल येतात. पण शनिवारी रात्री एखाद्या कॅफेच्या माडीवर दोघे जण प्रहसने करत असतील, तर तिथे आपला प्रतिनिधी गेल्याचे माझ्या वाचनात नाही. चांगले म्हणू नका, वाईटही म्हणा. पण जाऊन म्हणा.

ते दोघे निघण्यापूर्वी पुण्यात सराव-प्रयोग करणार असतील, आणि करावेतच असे माझे सांगणे आहे, तर त्यांच्या तारखा, वेळ आणि ठिकाण आपल्या ‘आज शहरात’ या सदरात छापावे ही विनंती. परवाच्या बातमीत ते नव्हते.

आपला,
एक जुना वाचक,
कोथरूड, पुणे